मुलाखतीची तयारी आणि खरेपणा

दरवर्षी नाताळचा सण उरकला की आपल्या काही घरांत वेगळीच धावपळ सुरू होते. नोव्हेंबरमध्ये 'कॅट' आणि जानेवारीत 'झॅट' ही परीक्षा दिलेली असते. गुण चांगले मिळाले, की एम.बी.ए.च्या प्रवेशासाठी संस्थांकडून मुलाखतीची बोलावणी येतात. बऱ्याचशा मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, म्हणजे आपल्या उपवासकाळाच्या आसपास होतात. ज्या दिवसांत ख्रिस्तसभा आपल्याला स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहायला सांगते, त्याच दिवसांत आपली मुले 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाचे उत्तर पाठ करीत असतात.

असाच एक तरुण माझ्याकडे आला. पूर्वी तो माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होता. पुढे मी युवक मंडळाचा सल्लागार असताना तो मंडळात आला. "सर, या पत्रावर तुमची सही हवी आहे," तो म्हणाला. पत्र त्याने टाइप करूनच आणले होते. तो तीन वर्षे मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याच्या नेतृत्वाखाली रक्तदान शिबिरे भरली, असे त्यात होते. प्रत्यक्षात तो साधा सभासद होता. शिबिराच्या दिवशी खुर्च्या लावणे, रक्तदात्यांना चहा-बिस्किटे देणे ही कामे मात्र त्याने मनापासून केली होती. क्लासमध्ये त्याला सांगण्यात आले होते, की नेतृत्वाचा अनुभव दाखवावाच लागतो आणि सगळेच तो दाखवतात.

खरे सांगतो, मी पेन उघडले होते. मुलगा चांगला, घरची परिस्थिती बेताची, एका सहीने कोणाचे काय बिघडणार, असे मनात आले. सहज विचारले, "दुसऱ्या शिबिरात किती जणांनी रक्त दिले, असे त्यांनी विचारले तर?" तो म्हणाला, "तेही पाठ केले आहे, सर." तेव्हा माझा हात थांबला.

मग मुलाखतीची तयारी करणे हाच खोटेपणा आहे का? मुळीच नाही. समोर दोन-तीन परीक्षक, हाती पंधरा-वीस मिनिटे. अशा वेळी काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, याचा विचार करणे हा ऐकणाऱ्याचा आदरच आहे. घरातल्या सगळ्याच गोष्टी परक्यांपुढे मांडण्याचे बंधनही आपल्यावर नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी सत्यवचन हा न्यायाशी जोडलेला सद्गुण मानला. खरे बोलणे म्हणजे मनातले सगळे ओतणे नव्हे. काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, याचे तारतम्य त्यात आहे. पण जे सांगू, ते खरेच असले पाहिजे. निवड करण्याची मोकळीक आहे, रचून सांगण्याची नाही.

'सगळेच करतात' हा युक्तिवादही नवा नाही. संत अगुस्तीन इ. स. ३८४ मध्ये मिलान शहरात वक्तृत्वाचे शिक्षक झाले. सुंदर बोलायला शिकवणे हाच त्यांचा पेशा होता. एकदा सम्राटाच्या स्तुतिपर भाषणाची तयारी ते करीत होते. त्यात पुष्कळ खोटे असणार होते आणि खोटे आहे हे जाणणारेच त्याला वाहवा देणार होते. त्या काळजीत रस्त्याने जाताना त्यांना दारू पिऊन मजेत हसणारा एक भिकारी दिसला. त्याचा आनंद काही खरा नव्हता. पण आपली धडपड त्याहून फसवी आहे, हे अगुस्तीनना जाणवले. पुढे ३८६ साली त्यांनी तो पेशा सोडला आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. वक्तृत्व मात्र त्यांनी टाकले नाही. प्रवचनांतून तेच सत्याच्या सेवेला लावले.

आणखी एक गोष्ट. संस्थेतल्या जागा मोजक्या असतात. खोट्या अध्यक्षपदाच्या बळावर एखादी जागा मिळाली, तर ती दुसऱ्या कोणाची तरी जाते. तो कोण, हे आपल्याला कधी कळत नाही, म्हणून अन्याय झाल्यासारखे वाटत नाही. शिवाय आमच्या मंडळाचा त्या काळातला खरा अध्यक्ष आणि त्याने केलेली वणवणही त्या पत्रातून पुसली जात होती.

मी त्या तरुणाला बसवून घेतले आणि विचारले, "खरोखर काय काय केलेस?" तो म्हणाला, "सांगण्यासारखे काहीच नाही." हळूहळू कळले, की वडील आजारी असताना वर्षभर तो पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या दादरच्या बाजारात पोहोचवून मग कॉलेजला जात असे. व्यापाऱ्याशी भाव ठरवणे, उधारी वसूल करणे, पावसात माल खराब झाला तर नुकसान सोसणे, हे सगळे तो एकटा करीत होता. याची त्याला लाज वाटत होती. बढाई मारणे हा जसा सत्याविरुद्धचा दोष, तसाच स्वतःमधले चांगले नाकारणे हाही दोषच, असे अक्विनास सांगतात. आपल्या मुलांना हा दुसरा दोष नम्रता वाटतो.

मी दुसरे पत्र लिहिले. तो सभासद होता, सांगितलेले काम चोख करीत होता, एवढेच त्यात होते. त्या संस्थेत त्याची निवड झाली नाही. पत्रामुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. खरे बोलले की जागा मिळतेच, असे मी कोणाला सांगणार नाही. त्याच्या आईने काही दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. तेही मला लागले.

संत इग्नाती लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची सवय शिकवली. त्यांच्याच येशूसंघाच्या धर्मगुरूंनी १९४९ साली जमशेदपूरला 'एक्सएलआरआय' ही व्यवस्थापन संस्था काढली. मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी रोज रात्री दहा मिनिटे वही घेऊन बसावे. अर्जातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहावे: हे घडले का? त्यात माझा वाटा किती? सोबत कोण होते? यासारखी दुसरी तयारी नाही.

आणि आपण आईवडील, शिक्षक, मंडळांचे पदाधिकारी? मुलांच्या हातून खोटे कागद जातात, तेव्हा त्यांवर बहुधा आपलीच सही असते. या उपवासकाळात पेन उघडण्यापूर्वी आपण ते पत्र एकदा नीट वाचू या.