भरताचे हरिण आणि युधिष्ठिराचे कुत्रे

मुक्या प्राण्यावर जीव जडणे हा धर्म की मोह, या प्रश्नाची आपल्या ग्रंथांत दोन उत्तरे आहेत, आणि ती सकृद्दर्शनी एकमेकांशी जुळत नाहीत. भागवताच्या पाचव्या स्कंधातील राजा भरत राज्यावर पाणी सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात तपश्चर्येस बसला. सिंहाच्या गर्जनेने भेदरलेल्या हरिणीचे पाडस प्रवाहात पडून वाहत चाललेले त्याने पाहिले, दयेने उचलून आश्रमात आणले, वाढविले, आणि अंतकाळी त्याचेच चिंतन करीत देह ठेवल्यामुळे स्वतः हरिणयोनीत जन्मास आला. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात मात्र युधिष्ठिर एका कुत्र्याखातर प्रत्यक्ष इंद्राशी वाद घालतो, त्याच्यावाचून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवण्याचे साफ नाकारतो, आणि ते कुत्रे साक्षात धर्म ठरते. करुणेने एकाला अधोगतीस नेले, तीच दुसऱ्याच्या उपयोगी पडली. ज्या गृहस्थाच्या दारी कुत्रा बांधलेला आहे, किंवा आमच्याप्रमाणे न बांधता मोकळा सोडलेला आहे, त्याच्यापुरता तरी हा वाद केवळ पुराणिकबुवांचा राहत नाही.

आमचा खंड्या या प्रकरणातील एक पक्षकार असल्याने त्याची वर्तणूक येथे रुजू करणे अगत्याचे आहे. पाहुण्यांच्या जोडातील नेमकी एकच वहाण उचलून तुळशीवृंदावनामागे पुरावी, पोस्टमनच्या सायकलीशी पिढीजात वैर असल्यासारखे फाटकापर्यंत धावून जावे, आणि पोस्टमन आत आला की त्याचेच हात चाटावेत, ही त्याची रोजची वहिवाट. एका संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहत सारे अंगणात असताना देवघरात केळीच्या पानावर मांडलेल्या मोदकांचा त्याने परस्पर निकाल लावला. चोरी अत्यंत नीटनेटकी होती: पान जागचे हलले नव्हते, शेजारच्या दूर्वांची जुडी विस्कटली नव्हती, तुपाची वाटी तेवढी घासूनपुसून ठेवल्यागत लखलखत होती. “अहो, बघा तुमच्या लाडक्याचा पराक्रम!” असा पुकारा घरातून झाला, आणि पाठोपाठ आमच्या मातोश्रींनी “मेल्या, देवाच्या आधी तुला का रे?” असे विचारले, तेव्हा आरोपी कान मागे पाडून, नजर भिंतीकडे लावून, पलंगाखाली शिरला, मागचा निम्मा भाग मात्र बाहेरच राहिला, आणि त्यातली शेपटी फरशीवर हळूहळू आपटत दयेचा अर्ज करीत राहिली. त्या अर्जापुढे मातोश्रींचा राग किती वेळ टिकणार? चंद्र उगवण्यापूर्वीच आरोपीला माफी मिळाली होती.

भागवतकाराने हा चेहरा पाहिलेला असला पाहिजे. भरताचे पाडसही काही सोवळ्यात राहणारे नव्हते. तो समाधीचा आव आणून डोळे मिटून बसला की कोवळ्या शिंगांच्या टोकांनी ते त्याला डिवचीत असे, दर्भावर मांडलेले हविर्द्रव्य विटाळीत असे, आणि भरताने दटावताच खेळ टाकून एखाद्या ऋषिकुमारासारखे निश्चल बसत असे. ज्या कवीने वैराग्याचा उपदेश करण्यासाठी लेखणी उचलली, त्याने या खोड्या किती लोभाने टिपल्या आहेत हे पाहिले म्हणजे मला नेहमी संशय येतो की, मोहाची निंदा करता करता तो स्वतःच त्या पाडसाच्या मोहात पडला असावा.

परंतु दटावल्यावर गप्प बसणे म्हणजे अपराधाची कबुली का? अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, कुत्र्याच्या तोंडावर जो अपराधी भाव आपणांस दिसतो तो त्याने खाऊ चोरला की नाही यावर अवलंबून नसून धनी त्याला रागे भरतो की नाही यावर अवलंबून असतो. किंबहुना काहीही न चोरता बोलणी खाणारे कुत्रे अधिकच अपराधी दिसले. महाभारताला ही गोष्ट ठाऊक होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण त्याच्या आदिपर्वात, कथेला अजून नीट तोंडही फुटलेले नसताना, हाच खटला उभा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाच्या सत्रात सरमा या देवांच्या कुत्रीचे पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाऊन सांगते की मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा सत्रस्थानी येऊन निरपराध्याला का मारलेत म्हणून जाब विचारते, कोणीही उत्तर देत नाही, तेव्हा अकल्पित भय तुमच्यावर येईल असा शाप देऊन ती निघून जाते. भरताच्या पाडसाने हवि विटाळले आणि त्याचे कौतुक झाले, सरमेच्या पिल्लाने त्याला तोंडही न लावता मार खाल्ला. दोहोंत भेद एवढाच की एक आपले होते, दुसरे परके.

मला वाटते, मोह नेमका येथे सुरू होतो. भरत अधोगतीस गेला तो पाडसाला वाचविल्यामुळे नव्हे. बुडत्या जिवाला पाण्याबाहेर काढणे हे कोणत्याही शास्त्राने पाप मानलेले नाही. तो गेला ‘माझे’ या एका भावनेपायी. पाडसाच्या संगोपनात त्याचे यमनियम आणि पूजाअर्चा एकामागून एक सुटत गेल्या, ते दृष्टीआड झाले की लांडग्याने तर खाल्ले नसेल ना म्हणून तो विव्हळ झाला, आणि आकाशातला चंद्रही त्याला आपल्या पोरक्या पाडसाला जवळ घेऊन बसलेला दिसू लागला. युधिष्ठिराच्या कुत्र्याला मात्र नाव नाही, त्याने ते पाळल्याचा किंवा गोंजारल्याचा उल्लेख नाही. ते हस्तिनापुरापासून मागे मागे आले एवढाच त्याचा हक्क. द्रौपदी पडली, भाऊ पडले, तेव्हा मागे वळूनही न पाहणारा हा पुरुष भावनाविवश खचितच नव्हता. त्यांना टाकलेस तसे यालाही टाक, असे इंद्राने सुचविताच तो म्हणाला की मेलेल्यांना मी जिवंत करू शकत नव्हतो, जिवंतपणी मी कोणालाही टाकलेले नाही. आणि भक्ताचा त्याग तर त्याने महापातकांच्या पंक्तीस बसविला.

तथापि घरच्या कुत्र्याच्या बाबतीत आपण बहुतेक जण भरताचेच वंशज असतो, आणि त्याची झळ बाहेरच्या कुत्र्याला लागते. कुक्कुरजातकात वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या रथाचे चामडे कुत्री खातात. राजा संतापून दिसेल ते कुत्रे मारण्याचा हुकूम सोडतो, फक्त राजवाड्यातील उंची कुत्र्यांना त्यातून माफी. स्मशानात राहणारा बोधिसत्त्व-श्वान दरबारात येऊन राजवाड्यातील कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजण्यास सांगतो, आणि ओकारीबरोबर चामड्याचे तुकडे बाहेर पडतात. चोर घरातलेच होते! अशा हुकुमांचा मुंबईलाही इतिहास आहे. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारचे शिपाई बक्षिसाच्या लोभाने कुत्री मारीत सुटले, तेव्हा फोर्टात दंगल उसळली, आणि तीत पुढे होते ते पारशी, ज्यांच्या धर्मात मृतदेह कुत्र्याच्या दृष्टीस पाडण्याचा सगदीद हा विधी आहे. श्वानाला परलोकाच्या वाटेवरचा साक्षी मानणाऱ्या समाजाला सरकारी बक्षिसाचा हिशेब पटला नाही, यात नवल ते काय?

भागवतकारालाही भरताचा पुरता अव्हेर करवला नाही. हरिणयोनीत त्याची पूर्वस्मृती त्याने शाबूत ठेवली, आणि पुढच्याच जन्मी त्याला जडभरत करून रहूगण राजाला उपदेश करण्याच्या पदवीस पोहोचविले. तेव्हा मोहाचा दंड फार जबर नाही, आणि माझ्या मते मोदक चोरणाऱ्याचे लाड करणे हे पातकही नव्हे. पण घरच्याचे लाड करताना बाहेरचा विसरू नये: वैश्वदेवात, म्हणजे जेवणापूर्वीच्या नित्य विधीत, गृहस्थाने कुत्र्यांसाठी बली काढावा असे स्मृती सांगतात. तो ठेवायचा घराबाहेर, जमिनीवर, जे येईल त्या कुत्र्यासाठी. वैश्वदेव आता बहुतेक घरांतून उठला आहे आणि तो पुन्हा सुरू होईल अशी मला आशा नाही. पण ज्यांच्या पलंगाखाली एखादा खंड्या निम्मा आत, निम्मा बाहेर असा दडत असेल, त्यांनी या उन्हाळ्यात फाटकाबाहेर पाण्याचे एक पसरट भांडे ठेवावे, आणि ते रोज सकाळी विसळून भरावे, एवढी विनंती आहे.