वतन गेले, मग काम कोणते?



दीक्षा घेतल्यावर आपण घरातून बऱ्याच गोष्टी बाहेर काढल्या. देव्हारा गेला, गंडेदोरे गेले, नवसाचे बोकड बंद झाले. बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. हे सर्व योग्यच झाले. पण एक प्रश्न घरोघरी तसाच पडून आहे. तो पोटापाण्याचा, म्हणून आपण त्याला धम्माच्या बाहेर ठेवतो. सकाळी उठून आपण जे काम करतो, ते कोणी ठरविले?

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न विचारण्याचीसुद्धा सोय नव्हती. गावची वर्दी पोचविणे, सरकारी वसुलाबरोबर पायी चालणे, वेशीवर राखण करणे, मेलेले ढोर ओढणे ही सारी कामे वतनाची. मोबदल्यात थोडी जमीन आणि दारोदार फिरून मागावयाचे बलुते. मूल पाळण्यात असतानाच त्याचे काम ठरलेले असे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यातल्याच काही लोकांना वाटले की हा माणूस आपली जमीन घालवितो आहे. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने संपली ती बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने.

वतन का वाईट, हे आपण सहसा अर्धेच सांगतो. काम घाण होते, मोबदला भिकेचा होता, अपमान होत असे, असे आपण म्हणतो. सारे खरे आहे. पण १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याच्याही खाली बोट घातले आहे. त्यांचे म्हणणे असे की, जात ही नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आणि ती वाटणी करताना माणसाचा कल, त्याची आवड, त्याची बुद्धी कशाचाच विचार केलेला नाही. ज्या कामात माणसाचे मन नाही आणि डोके नाही, त्या कामातून काय निपजणार? म्हणजे उद्या कोणी तेच काम स्वच्छ करून दिले, मोबदलाही चांगला दिला, तरी ते जन्माने गळ्यात पडलेले असेल तर खोट राहतेच.

यावर एक जुने गोड उत्तर तयार असते. ते म्हणते, कोणतेच काम हलके नाही. तुमच्या वाट्याला आलेले काम प्रेमाने करा, त्यातच सेवा आहे, त्यातच मोक्ष आहे. सफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरविण्याची ही रीत बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात चांगलीच सोलून काढली आहे. काम इतके थोर आहे तर ते एकाच जातीच्या गळ्यात का? थोरवी सांगणारे स्वतःच्या मुलाला त्यात का घालत नाहीत? हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला, तरी गटारात उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा माणसाला कामावर प्रेम करावयास सांगणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून मी जेव्हा आवडीच्या कामाविषयी बोलतो, तेव्हा मिळाले ते आवडून घ्या, असे मला म्हणावयाचे नाही.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. माझ्या नात्यातील एक गृहस्थ तालुक्याच्या गावी सफाई कामगार होते. झाडू मारून त्यांनी तीन मुले शिकविली. त्यांची नोकरी संपत आली. आपल्या राज्यात सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा मिळू शकते, हे आपणांस ठाऊक असेल. साऱ्या घराने गृहीत धरले की धाकटा ती जागा घेणार. पक्का पगार, सुट्ट्या, दवाखाना. धाकटा मात्र शाळा सुटल्यापासून मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसत असे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की तिची काळी पडलेली तार कापून काढायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी पाहायची, साच्यावर नवी गुंडाळी करून खाचेत कागद घालून ती बसवायची, बांधायची, व्हार्निश देऊन सुकवायची. तो म्हणाला, मला झाडूची जागा नको, मी मोटारी भरणार.

घरात कलह झाला. आई रडली. वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मला समजूत घालावयास बोलाविले, आणि मी गेलो. मी त्या पोराला सांगितले, "अरे, लोक या जागेसाठी तरसतात. तुझ्या आवडीला कोण विचारतो?" आज ते वाक्य मला आठवते तेव्हा बरे वाटत नाही. हेच वाक्य वतनदारीच्या काळी पाटील बोलला असता.

तसे पाहता मी चुकीचेही बोललो नव्हतो. पोटाला पक्का आधार लागतो, आणि ज्याने भूक पाहिली आहे त्याला आवडीच्या गोष्टी श्रीमंतांच्या वाटतात. त्या वडिलांचा झाडू मी कमी लेखत नाही. त्या झाडूनेच पोराला नाही म्हणण्याचे बळ दिले. राखीव जागा, सरकारी नोकरी हा आपला हक्क आहे, तो लढून मिळविलेला आहे, आणि एक जागासुद्धा सोडता कामा नये. माझी तक्रार एवढीच की, मुलाच्या डोक्यात काय चालले आहे हे न पाहता आपण त्याला एकाच दारात उभे करतो. बापाची जागा पोराने घ्यावी, हे वाक्य आपण फार ओळखीने बोलतो.

नवदीक्षित बंधू येथे एक शंका काढतात. दुःखाचे मूळ तृष्णा आहे असे धम्म सांगतो. मग कामाची एवढी ओढ ही तृष्णाच नव्हे काय? शंका रास्त आहे. पण पाली ग्रंथांत तृष्णेहून निराळा एक शब्द आहे, आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे : छंद. सिद्धीचे जे चार पाय सांगितले आहेत, छंद, वीर्य, चित्त आणि वीमंसा, त्यांतला पहिलाच छंद. सम्यक व्यायामाची व्याख्या करतानाही भिक्खू छंद उत्पन्न करतो, असे म्हटले आहे. छंद वाईटाकडेही जाऊ शकतो. कामच्छंद हा तर नीवरणांपैकी एक. पण कुशल गोष्टीचा छंद म्हणजे ती करण्याची इच्छा. तृष्णा म्हणते, मला मिळू दे. छंद म्हणतो, मला करू दे. आवड आहे म्हणून कोणताही धंदा चालेल असेही नाही. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. आवडीने दारूचा गुत्ता चालविणारे मी पाहिले आहेत.

उपालीची कथा आपण विहारात ऐकतो. शाक्य कुमारांच्या आधी त्या न्हाव्याला दीक्षा दिली गेली, म्हणजे कुमारांना त्याच्यापुढे वाकावे लागले. या भागावर आपण टाळ्या वाजवितो, आणि कथा तेथेच सोडतो. पण कुमार वाकले ते एका दिवशी. पुढे उपालीने विनयाचा एकेक नियम असा आत्मसात केला की भगवंतांनी त्याला विनयधरांत अग्र म्हटले; आणि महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत महाकाश्यपाने विनयाविषयी विचारले ते उपालीला. तेथे तो कोणाचा न्हावी होता हे कोणी विचारले नाही, कारण संघाला त्याची गरज होती. दुसऱ्याने वाकून दिलेला मान दुसरा परतही घेऊ शकतो. उपालीला जे येत होते ते कोण परत घेणार?

सर्वांनाच पोटाचे काम बदलता येत नाही, हे मला कळते. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मजुरी करीत असताना मोठेपणी अक्षरे शिकले. पुढे या माणसाने आयुष्यभर भीमगीते रचली आणि गावोगाव गायली. २००४ साली ते गेले. आरंभी त्यांच्या हाताला काम गिरणगावाने दिले, पण मनाचे काम त्यांनी स्वतः शोधले. आपल्या घरात कोणी कपडा शिवते, कोणी पेटी वाजविते, कोणी परसात रोपे लावते. मुलगी घड्याळ उघडून बसली तर तिच्या हातावर मारू नका. बाबासाहेबांसारखा ग्रंथांत बुडालेला माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता, हे आपण मुलांना का सांगत नाही?

त्या पोराची गोष्ट अर्धी राहिली. पहिली दोन वर्षे त्याची कमाई बापाच्या पगाराहून पुष्कळ कमी होती. अजूनही पावसाळ्यात हाल होतात, कारण विहिरीवरच्या मोटारी उन्हाळ्यात जळतात. एका उन्हाळ्यात मी दुकानात बसलो होतो. एक बागायतदार मोटार न्यावयास आला होता, पीक वाळत होते. मोटार चालू केली, ती चालली. पोराने कान लावला आणि म्हणाला, "आज देत नाही. एका गुंडाळीत वेढे कमी पडलेत." बागायतदार चिडला. वडीलही शेजारी होते, ते म्हणाले, "चालतेय ना? मग जाऊ दे की." पोरगा म्हणाला, "चालतेय आबा, पण मला कळलंय ना." रात्रभर बसून त्याने ती गुंडाळी पुन्हा केली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हा मला वाटले की, ज्याला आपण स्वाभिमान म्हणतो आणि सभेत ज्यासाठी घसा कोरडा करतो, तो मी प्रथमच इतक्या जवळून पाहतो आहे. त्या मोटारीतला दोष गिऱ्हाइकाला दिसणार नव्हता, कोणी शिक्षा करणार नव्हते. वेठीच्या कामात माणूस मुकादमाच्या नजरेकडे पाहून काम करतो. येथे मुकादम नव्हता. आपल्या कामाचा न्याय करण्याचा अधिकार त्या पोराने स्वतःकडे घेतला होता, आणि तो त्याला त्या कामाच्या आवडीने दिला होता.

वडील आता रोज दुकानात येतात. जळालेल्या मोटारीची तार कापून काढण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आहे. जुन्या गुंडाळीचे वेढे तेच मोजतात, मोठ्याने, एकेक करून. मध्येच कोणी हाक मारली तर बोलत नाहीत, नुसता हात वर करून थांबवितात. मोजून झाले की पोराला आकडा सांगतात, मग वळून विचारतात, "हं, काय म्हणत होता?"