बोटं उघडली नाहीत, तर दोष कुणाचा?

स्ट्रोक होऊन तीन दिवस झालेले असतात. रुग्ण उशीला टेकून बसलेला असतो आणि फिजिओथेरपिस्ट त्याला दोनच गोष्टी करायला सांगतो: लुळा पडलेला हात खांद्यातून बाजूला उचला, आणि मग बोटं उघडा. प्रत्येक हालचालीला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे स्नायू जरासाही हलला नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. दोन्हींची बेरीज दहापैकी. ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलेल्या 'प्रेप-२' पद्धतीनुसार ही बेरीज पाच किंवा जास्त असेल आणि रुग्णाचं वय ८० च्या आत असेल, तर तीन महिन्यांनी हात जवळजवळ पूर्ववत चालेल असं सांगता येतं. बेरीज कमी भरली तर डोक्यावरून चुंबकीय स्पंदन देऊन मेंदूचा निरोप हाताच्या स्नायूंपर्यंत पोचतो का, ते पाहतात. साधारण चारपैकी तीन भाकितं खरी ठरतात. नेदरलँड्समधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे आकडे तर आणखी रोखठोक आहेत. पहिल्या ७२ तासांत ज्यांना बोटं आणि खांदा थोडा तरी हलवता आला, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी थोडंफार कसब परत येण्याची शक्यता ९८ टक्के. ज्यांना दोन्ही जमलं नाही, त्यांची २५ टक्के. व्यायामाला म्हणावी तशी सुरुवातही झालेली नसताना निकालाचा एवढा मोठा भाग ठरून गेलेला असतो.

न्यूरो शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला हे आकडे पाठ असतात. त्याच विद्यार्थ्याला रुग्णाला प्रोत्साहन कसं द्यायचं, हेही शिकवलं जातं. सकाळी वर्गात भाकिताचं गणित आणि दुपारी वॉर्डात 'काका, मनावर घेतलंत तर सगळं होईल' हे वाक्य. या दोहोंमध्ये जी फट आहे, ती आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, की दैव मोठं की पुरुषाचा प्रयत्न? भीष्म ब्रह्मदेवाचं उत्तर सांगतात: दैव हे बी आणि प्रयत्न हे शेत. शेताशिवाय बी वाया जातं. योगवासिष्ठातले वसिष्ठ याहून पुढे जातात. दैव म्हणून वेगळं काही नाहीच, आपलाच पूर्वीचा प्रयत्न फळाला आला की त्याला लोक दैव म्हणतात, असं ते रामाला बजावतात. मराठी मनाचा कल बहुतेक वसिष्ठांकडे आहे. समर्थांनी दासबोधात यत्नाचा जो गौरव केला, तो आपल्या शाळांच्या भिंतींवर आणि आता रिहॅब सेंटरच्या पोस्टरांवरही उतरला आहे.

प्रयत्नाच्या बाजूचा पुरावा मुळीच लेचापेचा नाही. एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकड तो हात वापरेना. चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा मात्र तोच 'निकामी' हात कामाला लागला. म्हणजे काही हालचाल नसेच्या इजेने जाते, आणि काही निव्वळ न वापरण्याच्या सवयीने. यातूनच स्ट्रोकच्या रुग्णाच्या चांगल्या हातात जाड मोजा घालून दुबळ्या हाताकडून काम करवून घेण्याची पद्धत आली. अमेरिकेतल्या 'एक्साइट' चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. २२२ रुग्ण, सगळ्यांना स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने उलटलेले. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा हातात. आणि फायदा वर्षभर टिकलेला. (१९८१ मध्ये सिल्व्हर स्प्रिंगच्या प्रयोगशाळेतून पोलिसांनी टॉब यांची १७ माकडं जप्त केली. ती कोणत्या जन्मीचं फेडत होती, हा प्रश्न कर्मसिद्धांताच्या कुणा अभ्यासकाने विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.) पण या चाचणीत प्रवेश कुणाला होता, हे बघायला हवं. मनगट आणि बोटं किमान दहा अंश तरी सरळ करता आली पाहिजेत, ही अट होती. म्हणजे ज्याच्या मेंदूकडून हातापर्यंतची वाट थोडी तरी उरली आहे, त्याच्याच प्रयत्नाची परीक्षा झाली. बाकीच्यांना दारातूनच परतावं लागलं. पद्धतीत यामुळे खोट येत नाही. पण 'प्रयत्नाने होतं' या वाक्यापुढे 'ज्यांचं होऊ शकतं त्यांचं' एवढं जोडावं लागतं.

आणि जास्त प्रयत्न म्हणजे जास्त फळ, असंही गणित नाही. ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या चाचणीत २१०४ रुग्ण होते. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत उठवून, वारंवार आणि भरपूर हालचाल दिली तर रुग्ण लवकर सुधारेल, अशी अपेक्षा होती. २०१५ मध्ये उत्तर आलं ते उलटं: तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण या गटात ४६ टक्के, नेहमीच्या उपचाराच्या गटात ५०. पुढच्याच वर्षी कॅथरीन लँग यांच्या गटाने ८५ जणांवर हाताच्या व्यायामाचे वेगवेगळे डोस तपासले. कुणाकडून एकूण ३२०० वेळा हालचाल करवून घेतली, कुणाकडून ६४००, कुणाकडून ९६००. सुधारणा झाली, पण थोडी, आणि तिप्पट घाम गाळणाऱ्याला तिप्पट सोडाच, लक्षात येण्याजोगं जास्त काही मिळालं नाही. अर्थात विज्ञानाचं दैवही वादातीत नाही. गमावलेल्यापैकी साधारण ७० टक्के आपोआप परत येतं, असा एक नियम २००८ पासून सांगितला जात होता. २०१९ मध्ये संख्याशास्त्राच्या अंगाने त्यावर जबर आक्षेप घेतले गेले. तेव्हा भाकिताला ब्रह्मलिखित समजायचं कारण नाही. पण रोजच्या बोलण्यात आपण प्रयत्नाला जितकं सर्वशक्तिमान मानतो, तितका तो नाही, हे पुराव्यावरून मान्य करावंच लागतं.

माझा मुद्दा मात्र दैव किती टक्के आणि प्रयत्न किती टक्के, हा नाही. तो हिशेब संशोधकांनी करावा. मुद्दा आपण उलट्या दिशेने जो निष्कर्ष काढतो, त्याचा आहे. प्रयत्नाशिवाय फळ मिळत नाही, इथवर ठीक. पण फळ मिळालं नाही, म्हणजे प्रयत्न कमी पडला असणार, हे त्यातून निघत नाही. पाऊस पडला की अंगण भिजतं म्हणून भिजलेलं प्रत्येक अंगण पावसाचा पुरावा ठरत नाही, हे न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं आहे. तरी घरोघर हीच चूक होते. सहा महिने झाले, हात उघडत नाही. मग 'याला बरं व्हायचंच नाही', 'लाडावलाय', 'नुसता पडून असतो'. फिजिओच्या नोंदीत तेच सभ्य भाषेत येतं: रुग्ण सहकार्य करत नाही. पूर्वसंचिताचा सिद्धांत सांगणारी म्हातारी शेजारीण आणि 'विल पॉवर'चं व्याख्यान देणारा पुतण्या एकमेकांना कितीही हसले, तरी दोघांची रीत एकच आहे. समोरच्याची अवस्था बघायची आणि तीवरून त्याची लायकी ठरवायची. एक या जन्मातला आळस शोधतो, दुसरी मागच्या जन्मातलं पाप. शेजारणीची शिक्षा त्यातल्या त्यात सौम्य, कारण मागच्या जन्माबद्दल रुग्णाला निदान आज कुणी जाब विचारत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, म्हणजे बहुतेक टीकाकारांच्या मते शरीर, मग कर्ता, साधनं, म्हणजे इंद्रियं, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. लगेच पुढे असंही म्हटलं आहे, की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची समज कच्ची. हा उपदेश आपण नेहमी यशस्वी माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी वापरतो. तोच अयशस्वी माणसाच्या बाजूने का वाचू नये? पाचांपैकी एक कारण कर्ता असेल, तर निकालाचं सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर, तेही लुळ्या खांद्यावर, टाकता येणार नाही. फळावर अधिकार नाही, हे वचन करणाऱ्याला सांगितलेलं आहे हे खरं. पण बघणाऱ्यालाही ते लागू व्हावं. त्यालाही फळावरून निवाडा करण्याचा अधिकार नाही. वारकऱ्यांनी हे कदाचित शास्त्र्यांच्या आधी ओळखलं. हातपाय नसलेला कूर्मदास सरपटत पंढरीला निघाला आणि लऊळच्या पुढे त्याला जाता येईना. तेव्हा विठ्ठलच तिथे आला, अशी कथा आहे. त्याची वारी अपुरी राहिली, असं कुठलाही कीर्तनकार म्हणत नाही.

वसिष्ठ इथे हरकत घेतील. शरीर, इंद्रियं, दैव यांच्यावर ताबा नसेल. पण प्रयत्न तरी माणसाचा स्वतःचा आहे ना? तो केला नाही, तर दोष त्याचाच. योगवासिष्ठाची सगळी इमारत या गृहीतावर उभी आहे आणि स्ट्रोक नेमका त्यालाच धक्का देतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना डावी बाजू उरतच नाही: ताटाच्या डाव्या अर्ध्यातली भाजी तशीच राहते, दाढी अर्धीच होते, डाव्या हाताकडे लक्ष जात नाही. बाहेरून ही बेपर्वाई दिसते. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं. काहींमध्ये नैराश्य नसतानाही उत्साहच विझलेला असतो, कारण एखादी गोष्ट सुरू करायला लावणाऱ्या मेंदूतल्या जोडण्याच तुटलेल्या असतात. ज्या अवयवाने प्रयत्न करायचा, तोच जखमी आहे. अशा माणसाला 'प्रयत्न कर' म्हणताना आपण त्याने जे गमावलं तेच त्याच्याकडे मागत असतो. हे प्रमाण रुग्णागणिक वेगळं असतं, आणि खरोखर आळशी रुग्णही असतात, त्यात शंका नाही. पण या आळसाची जात पलंगाशेजारी उभं राहून ओळखता येत नाही. त्यासाठी लक्षाच्या, मनःस्थितीच्या चाचण्या आहेत. त्या न करता नोंदीत 'सहकार्य नाही' लिहिणं हे परीक्षा न घेता नापास करणं आहे.

दुसरी हरकत व्यवहारातली आहे आणि ती जास्त वजनदार वाटते. असं मोकळेपणाने बोलू लागलो, तर रुग्ण हातपाय गाळून बसेल. आशा हेच औषध आहे, ते काढून घेऊ नका. यावर थोडा पुरावा आहे. ऑकलंडमध्ये भाकीत रुग्णांना आणि थेरपिस्टांना सांगून बघितलं गेलं. थेरपिस्टांनी त्यानुसार उपचाराचा रोख बदलला, रुग्णालयातला मुक्काम सुमारे आठवड्याने कमी झाला, आणि हाताच्या सुधारणेत तोटा दिसला नाही. एका देशातल्या एका रुग्णालयाचा अनुभव सगळीकडे जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. आपल्याकडे घरच्यांना आधी सांगायचं आणि रुग्णाला नंतर, किंवा कधीच नाही, हाही एक रिवाज आहे. पण खोट्या आशेची किंमतही मोजायला हवी. ज्याचा हात उघडणार नाही, त्याचे सहा महिने हात उघडण्यातच गेले, तर एका हाताने सदऱ्याची बटणं लावायला, पोळीचा तुकडा मोडायला शिकायचं राहून जातं.

तिसरी हरकत मला पूर्ण खोडता येत नाही. फळावरून दोष द्यायचा नाही, तर फळावरून शाबासकीही देता येणार नाही. मग स्ट्रोकमधून उठून मॅरेथॉन धावलेल्या माणसाच्या सत्काराचं काय? त्याच्या जिद्दीचं कौतुक करावंच, पण ती जिद्द त्याने रोज पहाटे किती केलं यावरून मोजावी, किती धावला यावरून नाही. आणि व्यासपीठावरून 'मी करू शकलो, तुम्हीही कराल' हे वाक्य त्याने गाळावं, कारण तिसऱ्या दिवशी त्याची बोटं हलली होती की नाही, हे श्रोत्यांतल्या कुणालाच माहीत नसतं; बहुधा त्याला स्वतःलाही नसतं.