रोजा, वारसा आणि ‘खाणे’

रमजानात तरावीहमध्ये रोज साधारण सव्वा पारा ऐकायचा आणि सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत कुरआन पूर्ण करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या हिशेबाने रोजाचा हुकूम सांगणाऱ्या सूरह बकराच्या आयती (१८३ ते १८७) पहिल्या-दुसऱ्या रात्रीच कानावरून जातात. रोजा कोणावर फर्ज, आजारी आणि मुसाफिराला सवलत कोणती, खाणे-पिणे कधी थांबवायचे, हे सारे तिथे आहे आणि आपल्याला ठाऊकही असते. पण त्यांना लागूनच १८८वी आयत येते. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या प्रतींत ती त्याच रुकूमध्ये आहे. तिच्यात सेहरी-इफ्तारचा विषय नाही. एकमेकांचा माल नाहक खाऊ नका, आणि दुसऱ्याच्या मालाचा हिस्सा जाणूनबुजून गिळण्यासाठी हाकिमांपर्यंत जाऊ नका, असा तिचा आशय आहे.

रोजाच्या शेजारी ही आयत का? मला वाटते, दोन्हीकडे विषय खाण्याचाच आहे. रोजात माणूस स्वतःच्या घरातले, स्वतःच्या कष्टाचे हलाल अन्न सोडतो. जो आपल्या हक्काची भाकरी दिवसभर दूर ठेवू शकतो, त्याला दुसऱ्याची भाकरी कायमची दूर ठेवणे जड का जावे? कुरआनात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सूरह निसाच्या १०व्या आयतीनुसार यतीमांचा माल जुलमाने खाणारे पोटात आग भरतात. सूरह फज्र तर कित्येकांना तोंडपाठ असते. तिच्यात वारसा अधाशासारखा खाण्याबद्दल खडसावले आहे. मराठीतही आपण ‘पैसे खाल्ले’, ‘हक्क खाल्ला’ असेच म्हणतो. इथे भाषांतराची अडचणच नाही.

सूरह निसाची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या रात्री येते. आईबापाने व नातलगांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही. माल थोडा असो की जास्त, वाटा ठरलेला. मुलीला मुलाच्या निम्मा. (त्या निम्म्यावरून वाद घालणारे घालोत, आपल्याकडे निम्माही तिच्या हातात किती वेळा पडतो?) त्या रात्री सफमध्ये उभ्या असलेल्या किती जणांच्या कपाटात बहिणीच्या सहीचे हक्कसोडपत्र असेल?

सोलापुरात विजापूर वेशीकडच्या दोन खोल्या असोत, यंत्रमागाची शेड असो की अक्कलकोट, बार्शीकडचे चार एकर रान, वडील गेले की वारसनोंदीची धावपळ सुरू होते आणि बहिणीला सहीपुरते बोलावले जाते. कागद मराठीत असतो. तो तिला वाचता येतो. तिचा वाटा सांगणारी आयत अरबीत असते. ती तिने सवाबासाठी अनेकदा वाचलेली असते, अर्थ मात्र तिला कोणी सांगितलेला नसतो. १९९० साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, मराठी ही आपली भाषा आहे हे आपण ठासून सांगितले. कुरआनचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. तेव्हा ‘आम्हाला कुठे कळते’ ही सबब आता चालण्यासारखी नाही.

लग्नात खर्च केला, ईदला साडी-चोळी करतो, या सबबींवर शाई खर्चू नये. ‘तिने खुशीने सोडला’ ही सबब मात्र विचार करण्यासारखी आहे. कारण सूरह निसाची ४थी आयत महरबाबत सांगते की, बायकांनी त्यातले काही मनाच्या खुशीने सोडले तर ते आनंदाने खा. तिथेही ‘खा’ हाच शब्द आहे! म्हणजे खुशी हीच अट. ती ओळखायची कशी? ‘नाही’ म्हटले तर माहेरचा उंबरा बंद होणार असेल, तर ‘हो’ला काय किंमत? माझ्या मते आधी वाटा तिच्या नावावर चढवावा, ताबा द्यावा, वर्ष-सहा महिने जाऊ द्यावेत. मग तिने परत केला तर ती खुशी. त्याआधीची सही म्हणजे माहेरी येण्याजाण्याची फी.

कोणी म्हणतात, १९३७च्या शरियत कायद्यात शेतजमिनीला अपवाद आहे. आहे. रूढीने डावललेल्या स्त्रियांना त्यांचा हक्क मिळावा, हाही त्या कायद्याचा एक हेतू होता, हे मात्र ते सांगत नाहीत. १९८५च्या शाहबानो निकालानंतर शरियत वाचवायला आपण रस्त्यावर आलो होतो. शरियतचा हा भाग वाचवायला मोर्चा लागत नाही, कपाट उघडावे लागते.

आणि हिशेब बहिणीपाशी संपत नाही. निसाच्या त्याच आयतींत वाटणी वसीयत आणि कर्ज यांच्यानंतरची आहे. आजोबांच्या घरात फुफीचा वाटा तसाच अडकला असेल, तर तो वडिलांवरचे देणे ठरतो. फुफी हयात नसतील, तर त्यांच्या मुलांचा पत्ता शोधावा लागेल.