आई पायथ्याशी आली
॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे श्री महालक्ष्मीमातेचे मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर असून नित्य दर्शनाचे मंदिर पायथ्याशी आहे. या दोन स्थानांना जोडणारी आख्यायिका परंपरेने सांगितली जाते. देवीची एक निस्सीम भक्त गर्भवती असतानाही दर्शनाच्या ओढीने डोंगर चढू लागली आणि वाटेतच मूर्च्छित होऊन पडली. आईने तिला पुन्हा वर बोलावले नाही. लेकराला चढवत नाही हे पाहून ती स्वतःच पायथ्याशी आली.

या कथेचे मर्म भाविकांनी ध्यानी घ्यावे. देहाला कष्टवून केलेली सेवा देवीने मागितली नाही. तिने भक्ताच्या देहाची काळजी वाहिली. आयुर्वेदाचे आचार्य सुश्रुत यांनीही दोष, अग्नी आणि धातू यांच्या समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता असेल त्यासच स्वस्थ म्हटले आहे. देह, मन आणि समाज यांचा असा एकत्र विचार म्हणजेच समग्र आरोग्य होय.

या परिसरात हा विचार कृतीत उतरलेला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरील बालके शाळेपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच बालकांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अक्षरांच्या आधी स्वच्छतेचा संस्कार दिला. अंगणवाडी हे नाव आज देशभर रूढ आहे, त्याचे मूळ याच कार्यात आहे. जो चढू शकत नाही त्याच्याकडे आपण उतरावे, हीच ती आईची रीत.

चैत्र पौर्णिमेपासून यात्रा भरते तेव्हा ऊन प्रखर असते. डोंगर चढणाऱ्यांनी पहाटे निघावे व वरचेवर पाणी प्यावे. गर्भवती, वृद्ध आणि आजारी भाविकांनी पायथ्याचेच दर्शन घ्यावे. त्यांच्यासाठीच आई खाली आली आहे, म्हणून त्यात उणेपणा मानू नये.

सिकलसेल असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातील पाणी कमी झाले किंवा अतिश्रम झाले, तर असह्य वेदना उद्भवू शकतात. आदिवासी समाजात हा आजार अधिक आढळतो. तो शाप नव्हे, करणी नव्हे आणि स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे. तो आईवडिलांकडून अपत्याकडे येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिकेबरोबर वधूवरांची रक्ततपासणीही जुळवावी. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. मात्र तपासणीस जाण्याचे पाऊल प्रत्येक कुटुंबानेच उचलावयाचे आहे.

पावसाळ्यात भाताच्या खाचरांत सर्पदंश होतात. अशा वेळी दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव शक्यतो हलू न देता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे आणि गेलेली घटका परत येत नाही. देवीला हाक अवश्य मारावी. परंतु ती रुग्णालयाच्या वाटेवर चालता चालता मारावी. पाड्यावरील भगताचा शब्द लोक मानतात. त्यानेच रुग्णाला गाडीत बसविले, तर त्याच्याइतके पुण्य दुसऱ्या कोणास लाभावे?

आहाराचेही असेच आहे. नाचणी, वरई, डाळी आणि पावसाळ्यातील रानभाज्या हे या भूमीचे पूर्वापार अन्न. त्याला हलके मानून पुड्यांतील खाऊ बाळाच्या हाती देणे हे प्रगतीचे लक्षण नव्हे. गर्भवती व स्तनदा मातांना आदिवासी भागात एक वेळचा चौरस आहार मिळावा, म्हणून राज्य शासनाने २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. घरातही तिचे ताट सर्वांत शेवटी वाढले जाऊ नये, एवढे प्रत्येक कुटुंबाला सहज करता येण्यासारखे आहे.

अपत्यप्राप्तीसाठी आईला नवस बोलणारे अनेक आहेत. ज्या कुटुंबाने गर्भवती सुनेची वेळेवर तपासणी केली, तिला पोटभर अन्न व विश्रांती दिली, त्याचा नवस देवीने तेथेच स्वीकारला असे समजावे. दानशूर भाविकांनीही आपले दान पाड्यावरील एखाद्या मातेच्या ताटापर्यंत पोहोचते का, हे पाहावे.

आई डोंगर उतरून आली. तिच्या लेकरांनी निदान शेजारच्या उंबऱ्यापर्यंत तरी जावे, आणि सर्वांस आरोग्य लाभावे, हीच श्री महालक्ष्मीमातेच्या चरणी प्रार्थना.