दिसायला तोच, मग घ्यायचा कशाला?

‘बाहेरून तोच, पण आतून सगळं बदललंय!’ नव्या फोनची अशी जाहिरात ऐकली की मला राग येतो. चिप आणखी वेगवान झाली म्हणे. भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करताना हा वेग कुणाला जाणवणार?

शिवाय तो टिकतही नाही. पास्कल ही संगणकभाषा घडवणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच तक्रार केली होती की, यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्तावतं. विर्थ हे साधेपणाचा आग्रह धरणारे अभियंते. स्वतःची भाषा आणि स्वतःची कार्यप्रणाली आटोपशीर लिहून त्यांनी तो आग्रह निभावलाही. आज साध्या बँकेच्या ॲपचा आकार पाहिला की त्यांचं म्हणणं अजून खरं वाटतं.

पण वेग वेगळा आणि आयुष्य वेगळं. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोन ५एस आला. ठसा ओळखणारं बटण आणि काही बारीकसारीक फरक सोडले, तर तो आदल्या वर्षीच्या आयफोन ५ सारखाच दिसे. आत मात्र ६४ बिटची चिप होती. क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीचे वरिष्ठ अधिकारी आनंद चंद्रशेखर यांनी तेव्हा हा निव्वळ विक्रीचा डाव ठरवला. ग्राहकाला याचा शून्य फायदा, असं ते म्हणाले. त्यांच्या कंपनीने लगेच ते विधान चुकीचं म्हणून हात झटकले. त्या दिवसापुरता त्यांचा तर्क पटण्याजोगा होता. ६४ बिटचा मोठा लाभ चार जीबीपेक्षा जास्त मेमरीला, आणि या फोनात होती एकच जीबी.

२०१७ मध्ये आयफोनच्या नव्या कार्यप्रणालीने, आयओएस ११ ने, ३२ बिटला दार बंद केलं. ३२ बिटचा आयफोन ५ बाहेर राहिला. ५एसला मात्र पुढच्या वर्षीचं आयओएस १२ ही मिळालं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थेट जानेवारी २०२३ पर्यंत येत राहिल्या. दिसायला जवळपास जुळी भावंडं, पण एकाला कितीतरी वर्षं जास्त मिळाली.

चंद्रशेखरांनी लाभ मोजला तो खरेदीच्या दिवशी. मीही जाहिरातीवर चिडून तेच करत होतो. आतला बदल बहुधा त्या दिवशी दिसत नाही. तो चौथ्या-पाचव्या वर्षी दिसतो. म्हणून दरवर्षी फोन बदलणारा, चिपची इत्थंभूत माहिती ठेवणारा शौकीन तिच्यासाठी पैसे भरतो आणि फळ दुसऱ्याच्या हाती देतो. खरी चौकशी करायला हवी ती एकच फोन पाच-सहा वर्षं पुरवणाऱ्याने, आणि तो नेमका रंग नि कॅमेरा पाहून घेतो. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं. अशा वचनाचं ओझं पेलायचं ते आतल्या चिपनेच. घरच्या कुणासाठी आता फोन घ्यायचा झाला, तर मी कॅमेऱ्यावरचे पैसे कमी करून ते चिपवर घालीन.