मारुतीच्या कुठवर आलं?

अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘उद्या येतो’ म्हणणारा माणूस पुढे जोडतो, ‘देवाची मर्जी असली आणि ओढ्याला पूर आला नाही तर.’ वाटा ओढ्यातूनच जायच्या, तेव्हाची ही बोली. ओढ्याचा इंग्रजी शब्द आणि तिथल्या क्रीक जमातीचं नाव एकच. म्हणून काही जण त्यात त्या जमातीचा उठाव शोधतात. अभ्यासकांना ते पटत नाही.

खरा प्रश्न त्यातल्या ‘आणि’चा आहे. ओढा देवाच्या मर्जीबाहेरचा का? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अट एकच, प्रभूची इच्छा. ‘इन्शाअल्ला’तही एकच. मराठी माणूसही ‘देवाच्या मनात असलं तर’ एवढंच म्हणतो.

नाशिकला तर हा ‘आणि’ बसतच नाही. इथे गोदावरी म्हणजे ‘गंगा’, देवीच. पूर आला की बायका खणानारळाने तिची ओटी भरतात. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती पात्रातच उभा आहे आणि पावसाळ्यात गावभर एकच विचारणा असते, ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं... छातीच्या वर चढू लागलं की सराफ बाजार, भांडी बाजार धास्तावतो. त्यापुढची जुनी खूण म्हणजे १७४७ साली बांधलेल्या नारोशंकर मंदिराची घंटा. ४ ऑगस्ट २०१९ ला मारुती पाण्याखाली गेला.

ज्याला साकडं घालायचं, तोच आधी बुडतो! तरी पूर का अडवला नाहीस, असा जाब त्याला कुणी विचारत नाही. नाशिककरांच्या श्रद्धेतली ही समज फार मोलाची आहे. देव काठावर बसून पाणी सोडत नाही, तो पाण्यात सोबत उभा असतो.

पाणी सोडणारे वेगळे. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग करायचा हे अधिकारी ठरवतात. होळकर पुलाखालून किती पाणी गेलं, त्याचा आकडा जाहीर होतो. पूररेषेच्या आत बांधकामं माणसांनीच केली. अशा वेळी ‘गंगा कोपली’ म्हणणं हा त्या देवीवर अन्याय आहे. तिच्या नावावर आपला हिशेब मांडू नये.

पूर ओसरला की मारुतीच्या अंगाखांद्यावर पाणवेली आणि प्लास्टिकच्या पिशव्या लोंबताना दिसतात. पाणवेली नदीने आणलेल्या असतात. पिशव्या नाशिकच्याच.